पासवर्ड बरोबर, तरी कॅम्पसचं वायफाय का लागत नाही?

पावसाळ्यातली संध्याकाळ होती. हॉस्टेलवरून भाचीचा फोन आला. "मामा, पासवर्ड बरोबर आहे. पाच वेळा घातला. मोबाइलला वायफाय लागतंय, लॅपटॉपला नाही लागत. लॅपटॉपच बिघडला असणार. उद्याचं सबमिशन कसं करू आता?" रडायचीच बाकी होती.

ती गोव्यातल्याच एका शिक्षणसंस्थेत शिकते. सुट्टीत फोंड्याला घरी होती तेव्हा हाच लॅपटॉप घरच्या वायफायला बिनतक्रार जोडला जात होता. परत गेली आणि हे सुरू झालं. मैत्रीण म्हणाली, "फॉरमॅट मार." वर्गातला एक मुलगा म्हणाला, "सेटिंगमध्ये ते सर्टिफिकेटचं काहीतरी असतं, ते बंद कर, लगेच लागेल." पहिला सल्ला निरुपयोगी होता आणि दुसरा घातक.

असे फोन मला दर वर्षी सत्राच्या सुरुवातीला येतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा अधिकृत पाठिंबा संपल्यापासून ते वाढलेत. कुणी घाईने विंडोज ११ टाकलं, कुणी नवा लॅपटॉप घेतला, आणि कालपर्यंत चालणारं कॅम्पसचं वायफाय आज दारातच अडू लागलं. म्हणून हा विषय एकदा सावकाश मांडतो. भाचीचा लॅपटॉप बिघडलेला नव्हता. त्या खोलीतल्या सगळ्या यंत्रांत शहाणपणाने वागत होतं ते तेवढंच. कसं, ते समजायला आधी कॅम्पसचं दार कसं उघडतं ते पाहावं लागेल.

घरी लगेच लागतं, मग इथे का नाही?

घरच्या वायफायला एकच पासवर्ड असतो. घरातली माणसं, पाहुणे, शेजारचा मुलगा, सगळे तोच वापरतात. बाहेर जाताना तुळशीपाशी ठेवलेल्या किल्लीसारखं हे असतं. किल्ली ज्याच्या हाती तो घरचा. राउटर तुम्हाला "कोण तुम्ही?" असं विचारतच नाही, "शब्द माहीत आहे का?" एवढंच विचारतो.

चार माणसांच्या घरात हे पुरतं. हजारो विद्यार्थी असलेल्या जागी पुरत नाही. एकाने पासवर्ड बाहेर सांगितला की तो सगळ्या गावाचा झाला. तो बदलायचा तर सगळ्यांचाच बदलावा लागतो. शिवाय आजही बऱ्याच ठिकाणी असलेल्या, वायफायला कुलूप लावायच्या डब्ल्यूपीए२ नावाच्या पद्धतीत, सामायिक पासवर्ड माहीत असलेला माणूस तुमच्या यंत्राची जोडणी होतानाचे संदेश हवेतून टिपू शकला, तर पुढची वायफायची देवाणघेवाणही तो उलगडू शकतो. बँकेची आणि मेलची पानं स्वतःचं वेगळं कुलूप घेऊन येतात, म्हणून तिथे लगेच अनर्थ होत नाही. पण दाराचं कुलूप कमकुवत ते कमकुवतच.

म्हणून कॅम्पसमध्ये वेगळी व्यवस्था असते. प्रत्येकाचं स्वतःचं नाव, स्वतःचा पासवर्ड, आणि जोडणी झाल्यावर प्रत्येकाच्या यंत्रासाठी वेगळी किल्ली. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये याला 'डब्ल्यूपीए२ एंटरप्राइझ' किंवा 'डब्ल्यूपीए३ एंटरप्राइझ' असं लिहिलेलं दिसतं.

दारावरचा माणूस निर्णय घेत नाही

मंगेशी, कवळे, रामनाथी अशा आपल्या मोठ्या देवळांच्या अग्रशाळा डोळ्यांसमोर आणा. समजा रात्री तुम्ही खोली मागायला गेलात. दारावरचा माणूस तुम्हाला ओळखत नाही, आणि खोली द्यायची की नाही हे ठरवायचा अधिकारही त्याला नाही. तो तुमचं नाव-गाव विचारतो आणि कार्यालयात कळवतो. कार्यालयात वही असते. वहीत पाहून आतून होकार आला की तो दार उघडतो.

कॅम्पसमध्येही तीन पात्रं असतात. तुमचा लॅपटॉप हा पाहुणा. कॉरिडॉरच्या छताला लावलेला, दिवे लुकलुकणारा पांढरा डबा म्हणजे ॲक्सेस पॉइंट, हा दारावरचा माणूस. आणि कुठल्यातरी खोलीत असलेला सर्व्हर हे कार्यालय. या सर्व्हरला 'रेडियस' म्हणतात. ही यंत्रणा १९९१ पासूनची आहे. टेलिफोनच्या तारेवरून मॉडेम लावून इंटरनेट मिळायचं त्या काळात ती जन्मली. तारा गेल्या, पण वही पाहून होकार देण्याचं काम तेच राहिलं. दारावर अडवून आत विचारायच्या या नियमाला ८०२.१एक्स असं रुक्ष नाव आहे आणि तो पहिल्यांदा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. सिग्नलच्या चारही रेघा भरलेल्या दिसतात याचा अर्थ दारावरचा माणूस तुमच्या जवळ उभा आहे, इतकाच. कार्यालयाने होकार दिला की नाही, याच्याशी त्या रेघांचा काही संबंध नाही. "फुल सिग्नल आहे तरी लागत नाही" ही तक्रार म्हणूनच मुळात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे.

नाव-गावातला 'गाव' म्हणजे युजरनेममधला ॲट चिन्हानंतरचा भाग. कित्येक जण नुसता रोल नंबर टाकतात. काही संस्थांत तेवढा चालतो. काही ठिकाणी पूर्ण पत्ता लागतो, कारण त्या शेपटीवरूनच ठरतं की विचारणा कुठल्या कार्यालयाकडे पाठवायची. कॉपी-पेस्ट करताना शेवटी आलेली एक रिकामी जागा, किंवा मोबाइलने आपणहून मोठं केलेलं पहिलं अक्षर, एवढ्यानेही नकार येतो. आधी हे तपासा. मिनिटभराचं काम आहे.

ओळख दोन्ही बाजूंनी पटावी लागते

या विषयाचा गाभा इथे आहे, आणि नेमका हाच भाग कुणी समजावून सांगत नाही.

तुम्ही कोण हे कॅम्पसला कळायला हवं, हे सगळ्यांना मान्य असतं. पण समोरचं कार्यालय खरं आहे का, हे तुम्हाला कसं कळणार? वायफायचं नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. बसस्टँडवर बॅगेत एक छोटा राउटर ठेवून कुणी तुमच्या संस्थेच्या वायफायचंच नाव त्याला दिलं, तर यादीत ते हुबेहूब तसंच दिसेल. लॅपटॉप ओळखीचं नाव पाहून आपणहून जोडायला जाईल आणि नाव-पासवर्ड पुढे करील. हा पासवर्ड बहुतेक ठिकाणी मेलचा, निकालाचा, फीचाही असतो. एकदा गेला की सगळंच गेलं.

म्हणून सर्व्हर तुम्हाला आधी स्वतःचा दाखला दाखवतो. याला 'सर्टिफिकेट' म्हणतात. गोव्यात प्रवेशासाठी धावपळ केलेल्या प्रत्येकाला मामलेदार कचेरीतला रहिवासी दाखला माहीत आहे. त्या कागदात तीन गोष्टी महत्त्वाच्या असतात: तो कुणाच्या नावाचा, कुणाच्या शिक्क्याचा, आणि किती काळ चालणारा. सर्टिफिकेटमध्येही हेच तीन प्रश्न असतात. लॅपटॉप ते पाहतो, पटलं तर दोघांमध्ये एक बंद बोगदा तयार होतो, आणि त्या बोगद्यातूनच तुमचा पासवर्ड पलीकडे जातो.

हा बोगदा किती महत्त्वाचा आहे पाहा. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे 'पीप', आणि तिच्या आत 'एमएस-चॅप-व्ही२'. यातली आतली पद्धत जुनी आहे. तिची देवाणघेवाण उघड्यावर हाती लागली तर ती हमखास फोडता येते, हे २०१२ मध्ये जाहीरपणे दाखवून दिलं गेलं. म्हणजे तुमच्या पासवर्डाचं रक्षण आतलं कुलूप करत नाही, बाहेरचा बोगदा करतो. आणि बोगदाच खोट्या कार्यालयाशी बांधला गेला तर पासवर्ड तुम्ही स्वतःच्या हाताने चोराला दिला.

आता भाचीची गोष्ट पूर्ण करतो. तिच्या लॅपटॉपवर पहिल्या वर्षी संस्थेनेच दिलेल्या छोट्या प्रोग्रामने वायफायची सगळी नेमणूक, म्हणजे सेटिंग, करून ठेवली होती. त्यात एक सूचना होती: अमुक शिक्क्याचा दाखला असेल तरच जोड, नाहीतर मुकाट्याने नकार दे. सुट्टीत संस्थेने सर्व्हरचं सर्टिफिकेट बदललं आणि नवं वेगळ्या शिक्क्याचं घेतलं. लॅपटॉपने ते पाहिलं, ओळखलं नाही, आणि दिलेल्या हुकुमाप्रमाणे नकार दिला. मोबाइल जुना होता, आणि त्यात कधीतरी 'तपासू नका' हा पर्याय निवडलेला होता. त्याने काहीच न पाहता पासवर्ड देऊन टाकला. "मोबाइलला लागतंय" हा लॅपटॉप बिघडल्याचा पुरावा नव्हताच. मोबाइल निष्काळजी होता, एवढंच त्यातून कळत होतं.

अँड्रॉइड ११ पासून हा 'तपासू नका' पर्याय काढायला सुरुवात झाली, आणि ते योग्यच झालं. नव्या मोबाइलवर म्हणून 'डोमेन' नावाचा एक रकाना भरावा लागतो. तिथे सर्व्हरच्या दाखल्यावरचं नाव लिहायचं असतं, आणि ते नाव संस्थेच्या संगणक विभागाकडूनच घ्यावं लागतं. अंदाजाने लिहून जमत नाही.

मग 'तपासू नका' कधीच निवडू नये का?

"काम अडलंय, एकदाच करतो, नंतर बदलतो" असं म्हणणारे मला पुष्कळ भेटतात. नंतर कुणी बदलत नाही. एकदा तपासणीची खूण काढली की लॅपटॉप त्या नावाच्या कुठल्याही वायफायला पासवर्ड देत फिरतो, पणजीच्या कॅफेत, मडगावच्या स्टेशनवर, कुठेही. त्यामुळे माझं उत्तर सरळ आहे: निवडू नये.

विंडोजवर पहिल्यांदा जोडताना एक चौकट येते. या ठिकाणी हे वायफाय असणं तुम्हाला अपेक्षित असेल तरच पुढे जा, अशा अर्थाचं त्यात लिहिलेलं असतं, आणि सर्टिफिकेटचा तपशील पाहायचा दुवाही असतो. त्यावर टिचकी मारली की अंक-अक्षरांची एक लांबलचक ओळ दिसते. तो त्या दाखल्याचा अंगठ्याचा ठसा समजा. संस्थेने हा ठसा आपल्या सूचनाफलकावर छापलेला असेल तर जुळवून पाहा. छापलेला नसेल तर संगणक विभागात जाऊन विचारा. मी भाचीला तेच करायला लावलं. जुनी नेमणूक 'फर्गेट' करून काढली, संस्थेचा नवा प्रोग्राम त्यांच्याच अधिकृत पानावरून मोबाइल डेटावर उतरवला, ठसा जुळवला, आणि वीस मिनिटांत लॅपटॉप जोडला गेला. फॉरमॅट मारला असता तर अख्खी रात्र गेली असती.

ही अडचण पुढे वाढणार आहे, कमी होणार नाही. सार्वजनिक शिक्क्यांच्या, म्हणजे सगळी यंत्रं आधीपासूनच ओळखतात अशा शिक्क्यांच्या, सर्टिफिकेटची मुदत जगभर कमी केली जाते आहे. पूर्वी ती जास्तीत जास्त ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस आणि मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस, असा नियम ठरला आहे. ज्या संस्था वायफायसाठी असा सार्वजनिक दाखला वापरतात त्यांना तो सतत नवा करावा लागेल. ज्या स्वतःचा शिक्का वापरतात त्यांना दीर्घ मुदत ठेवता येते, पण तो शिक्का प्रत्येक विद्यार्थ्याच्या यंत्रावर आधी पोचवावा लागतो. दोन्ही वाटांवर विद्यार्थ्यांना वेळेवर सांगणं हे संस्थेचं काम आहे. सर्टिफिकेट बदलण्याआधी आठवडाभर एक साधा मेल आला असता तर त्या संध्याकाळी भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं नसतं.

घड्याळ पाहिलं का?

दाखल्याची मुदत लॅपटॉप कशावरून ठरवतो? स्वतःच्या घड्याळावरून. ते घड्याळ मागे पडलं असेल तर आजचा दाखला त्याला भविष्यातला वाटतो आणि तो नाकारतो.

बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये घड्याळ चालू ठेवायला नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती दमली आणि मुख्य बॅटरीही पूर्ण उतरली, की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. महिनाभराच्या सुट्टीत बंद पडून राहिलेल्या जुन्या लॅपटॉपचं असं होऊ शकतं. इथे एक चक्र तयार होतं: वेळ आपोआप सुधारायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेट मिळायला वेळ बरोबर हवी. हाताने तारीख, वेळ आणि भारताचा टाइमझोन लावा, नाहीतर मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून वेळ सुधारून घ्या. वारंवार होत असेल तर दुरुस्तीच्या दुकानात ती छोटी बॅटरी बदलून मिळते.

पासवर्ड बदलल्यानंतरचा घोळ

पासवर्डाचा दोष नसतोच असं नाही. पण तो बहुधा वेगळ्याच रूपात येतो.

संस्था दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावते. तुम्ही लॅपटॉपवर बदलला. खिशातल्या मोबाइलला, कपाटातल्या टॅबलेटला, लॅबमधल्या जुन्या लॅपटॉपला ते माहीत नाही. ती सगळी यंत्रं जुना पासवर्ड घेऊन दर थोड्या वेळाने दार ठोठावत राहतात. कार्यालयाला दिसतं की या नावाने कुणीतरी पुन्हा पुन्हा चुकीचा पासवर्ड देतंय, आणि ते सावधगिरी म्हणून खातंच काही वेळ बंद करतं. मग तुम्ही लॅपटॉपवर अगदी बरोबर पासवर्ड घातला तरी नकार येतो. तुम्ही आणखी चार वेळा प्रयत्न करता. थोड्या वेळाने खातं उघडतं, मोबाइल पुन्हा ठोठावतो, पुन्हा बंद.

याची ओळख सोपी आहे: कधी लागतं, कधी लागत नाही, आणि संस्थेचा मेलही अधूनमधून "खातं बंद आहे" म्हणतो. उपाय असा की पासवर्ड बदलल्याबरोबर प्रत्येक यंत्रावर ते वायफाय आधी 'फर्गेट' करायचं, आणि मगच एकेक करून नव्याने जोडायचं. खातं बंद पडलेलं असेल तर सगळी यंत्रं वायफाय बंद करून ठेवा आणि अर्धा तास थांबा, किंवा संगणक विभागाला उघडायला सांगा. रागाने पासवर्ड पुन्हा पुन्हा घालत राहणं हा यातला सर्वांत वाईट उपाय आहे.

नवं विंडोज, नवं उबंटू आणि जुना सर्व्हर

नवी प्रणाली टाकल्यावर वायफाय अडतं, याला खरी कारणं आहेत. सुरक्षेच्या जुन्या, कमकुवत पद्धती नव्या प्रणाली एकेक करून बंद करतात. सर्व्हर मात्र कधीकधी दहा वर्षांपूर्वीच्याच भाषेत बोलत असतो.

उबंटू ही विंडोजऐवजी वापरायची लिनक्स प्रणाली. तिची २२.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये आली तेव्हा तिच्यातल्या ओपन-एसएसएल ३ ने, म्हणजे बंद बोगदा बांधणाऱ्या नव्या प्रोग्रामने, जुन्या सर्व्हरांशी बोलायला नकार दिला आणि जगभरच्या विद्यापीठांत लिनक्स वापरणारे अडकले. लॅपटॉपची सुरक्षा खाली आणून हे तात्पुरतं सुटतं, पण खरी दुरुस्ती सर्व्हरवर व्हायला हवी. विंडोज ११ च्या २०२२ मधल्या मोठ्या अद्ययावतीकरणापासून एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांत 'क्रेडेन्शियल गार्ड' नावाची राखण पात्र यंत्रांवर आपोआप सुरू होते. तिच्यामुळे लॅपटॉप उघडतानाचाच पासवर्ड वायफायला परस्पर दिला जाण्याची जुनी सोय बंद पडते, आणि तो हाताने घालावा लागतो. प्राध्यापकांच्या, लॅबच्या, संस्थेने दिलेल्या यंत्रांवर हे जास्त दिसतं. विद्यार्थ्यांच्या घरच्या लॅपटॉपवर बहुधा होम आवृत्ती असते.

उलटही घडतं. संस्था पुढे जाते आणि लॅपटॉप मागे राहतो. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या डब्ल्यूपीए३ मध्ये दारावरच्या संदेशांनाही संरक्षण सक्तीचं आहे. जुन्या वायफाय कार्डाला ते जमत नसेल तर यादीत नाव दिसतं, पण जोडणी होत नाही. अशा वेळी आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून वायफायचा नवा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, घ्या. तेवढ्याने नाही झालं तर यूएसबीला लावायचं छोटं वायफाय ॲडॅप्टर मिळतं. त्यासाठी लॅपटॉप टाकून देण्याची गरज नाही.

'कनेक्टेड' दिसतं, पण पान उघडत नाही

आता दाराच्या आत आलो. इथून पुढचा दोष पासवर्डाचा किंवा दाखल्याचा नसतो, त्यामुळे तिकडे परत जाऊ नका.

आत आल्यावर लॅपटॉपला एक अंकी पत्ता दिला जातो. नेटवर्कच्या तपशिलात तो पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर खोली मिळाली पण खोलीचा क्रमांक मिळाला नाही असं समजा. लॅपटॉपने वाट पाहून स्वतःच काहीतरी तात्पुरता पत्ता घेतला आहे. वायफाय बंद-चालू करून पाहा. जागा बदलून पाहा. शेजाऱ्याच्या लॅपटॉपवरही तसंच असेल तर दोष संस्थेकडे आहे.

पत्ता ठीक आहे आणि तरी काही उघडत नाही, तर प्रॉक्सी पाहा. प्रॉक्सी म्हणजे तुमच्या वतीने बाहेरून पानं आणून देणारा मध्यस्थ. आपल्याकडच्या अनेक कॅम्पसमध्ये पूर्वी तो हाताने भरावा लागायचा. इंटर्नशिपला दुसऱ्या संस्थेत गेलेल्या मुलाच्या लॅपटॉपमध्ये तिथला प्रॉक्सी तसाच राहतो, आणि इथे आल्यावर लॅपटॉप इथे नसलेल्या मध्यस्थाची वाट पाहत बसतो. तीच गोष्ट चालू राहिलेल्या व्हीपीएनची, म्हणजे सगळी देवाणघेवाण दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणाऱ्या बोगद्याची, आणि हाताने भरलेल्या डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरची.

आणखी एक वेगळं प्रकरण म्हणजे यंत्राची नोंदणी. काही संस्था लॅपटॉपच्या वायफाय कार्डाचा कायमचा क्रमांक, म्हणजे 'मॅक ॲड्रेस', नोंदवून घेतात. पण माग काढता येऊ नये म्हणून आजची यंत्रं हा क्रमांक मुद्दाम बदलून दाखवतात. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून हे आपोआप होतं, विंडोजमध्ये तो पर्याय आपण चालू करू शकतो. क्रमांक बदलला की नोंदणी जुळत नाही. फक्त त्या एका वायफायसाठी ही अदलाबदल बंद ठेवा. इतर ठिकाणी ती असू द्या, ती तुमच्या भल्याचीच आहे. दुरुस्तीत वायफाय कार्ड किंवा मदरबोर्ड बदलला असेल तरी नोंदणी नव्याने करावी लागते.

सिग्नलबद्दल थोडकंच. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असतात, पण जाड चिऱ्यांच्या भिंतीतून २.४ गिगाहर्ट्झएवढ्या निभावत नाहीत. जुन्या चिरेबंदी इमारतीत दार लावलं की सिग्नल पडतो तो यामुळे.

संस्थेला माझं सगळं दिसतं का?

हा प्रश्न पालकही विचारतात. स्वतःच्या नावाने आत गेल्यावर कोणत्या वेळी, कोणत्या यंत्रावरून, किती डेटा वापरला, याची नोंद राहते. कोणती संकेतस्थळं उघडली याची नावंही बहुधा दिसू शकतात. पत्त्यापुढे कुलूप असलेल्या पानांतला मजकूर, बँकेचा पासवर्ड किंवा व्हॉट्सॲपवरचं बोलणं मात्र वायफाय देणाऱ्याला वाचता येत नाही.

याला एक अपवाद आहे. संस्थेचा स्वतःचा शिक्का लॅपटॉपवर बसवताना तो केवळ वायफायपुरता बसतो आहे की संपूर्ण लॅपटॉपसाठी विश्वासार्ह ठरतो आहे, हे पाहा. दुसऱ्या प्रकारात तो शिक्का ज्याच्या हाती आहे त्याला, तांत्रिकदृष्ट्या, मधे बसून कुलूपबंद पानंही वाचण्याची सोय उभारता येते. अशी सोय प्रत्येक जण उभारतोच असं नाही. पण स्पष्ट प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि संगणक विभागाने त्याचं स्पष्ट उत्तर द्यायला हवं.

आणि याच कारणाने आपलं नाव-पासवर्ड मित्राला देऊ नका. त्याने केलेली प्रत्येक गोष्ट तुमच्या नावावर लिहिली जाते.

संगणक विभागाला काय सांगायचं

"वायफाय चालत नाही" एवढ्या तक्रारीवर कुणालाच काही शोधता येत नाही. सर्व्हरच्या नोंदीत प्रत्येक नकाराचं कारण आणि वेळ लिहिलेली असते. ती ओळ सापडायला मदत होईल असं सांगा. उदाहरणार्थ: "आज संध्याकाळी ६.४० ला, मुलींच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर, विंडोज ११ लॅपटॉप. यादीत नाव दिसतं, पासवर्ड घातल्यावर 'जोडता येत नाही' असं येतं. माझा युजरनेम असा, मॅक ॲड्रेस असा. मोबाइल हॉटस्पॉटवर लॅपटॉप नीट चालतो. लायब्ररीतही हेच होतं." पासवर्ड कधीच लिहू नका, त्यांना तो लागत नाही. हॉटस्पॉटचं वाक्य फार उपयोगी आहे, त्याने लॅपटॉपच्या कार्डाचा प्रश्न एका फटक्यात बाजूला होतो. विंडोजमध्ये गेल्या तीन दिवसांतल्या जोडण्यांचा 'डब्ल्यूलॅन रिपोर्ट' काढता येतो. तो सोबत जोडलात तर काम आणखी सोपं होतं.

आणि पाऊस सुरू असताना लाईट जाऊन आल्यावर एकदम सगळ्यांचंच वायफाय गेलं, तर लॅपटॉपला हात लावू नका. छतावरचे डबे लवकर जागे होतात, मागचा सर्व्हर उठायला वेळ घेतो. त्या वेळात नेमणूक पुसलीत तर सर्व्हर उठल्यावर इतरांचं लागेल आणि तुमचं राहील.

गावाबाहेर जाताना

हेच नाव-गाव दुसऱ्या गावातही चालतं, हे थोड्यांना माहीत असतं. २००२ मध्ये नेदरलँड्समधल्या क्लास वीरेंगा यांनी कल्पना मांडली की एका विद्यापीठाच्या माणसाला दुसऱ्या विद्यापीठात आपल्याच पासवर्डाने वायफाय मिळावं. त्यातून 'एज्युरोम' उभं राहिलं. आज ते शंभराहून अधिक देशांत आहे, आणि भारतात ते अर्नेट इंडिया ही शिक्षणसंस्थांना नेटवर्क पुरवणारी सरकारी संस्था चालवते. अग्रशाळेतल्या कार्यालयाने तुमच्या गावच्या देवळात फोन लावून "हे तुमचेच ना?" असं विचारावं, तसं हे चालतं. परक्या संस्थेला तुमचा पासवर्ड कळत नाही, फक्त होकार किंवा नकार कळतो.

तुमची संस्था यात सामील असेल तर नेमणूक स्वतःच्या कॅम्पसमध्येच, निघण्याआधी करून घ्या, आणि एकदा जोडून पाहा. युजरनेम ॲट चिन्हासकट पूर्ण लिहा, दाखल्याची तपासणी चालू ठेवा. भाची डिसेंबरमध्ये पुण्याला एका परिषदेला गेली होती. सभागृहात बसून लॅपटॉप उघडला आणि काहीही न विचारता तो जोडला गेला. मला तिने लगेच फोटो पाठवला. खाली उजव्या कोपऱ्यातलं वायफायचं ते छोटं चिन्ह, बाकी काही नाही.